पेंढ्याचं पाणी

आमच्या डोंबिवलीच्या घरात खिडकीखाली लोणच्याच्या चार काचेच्या बरण्या असायच्या आणि त्यांत लोणचं नसायचं. पाणी असायचं, पिवळसर, वर साय धरलेलं. त्याला असा वास यायचा की शेजारच्या काकू दारातूनच पदर नाकाला लावून विचारायच्या, "मेलं काय कुजतंय गं तुमच्याकडे?" आई शांतपणे सांगायची, "आमच्या हिचा अभ्यास कुजतोय."

पन्नासच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी बी. एस्सी. झाले होते आणि मुंबईच्या एका कॉलेजातल्या सरांच्या हाताखाली एम. एस्सी.साठी संशोधन करत होते. संशोधन म्हटलं की लोकांना मोठमोठ्या नळ्या आणि धूर दिसतो. माझ्याकडे होता पेंढा. मानपाड्याच्या बाजूला तेव्हा नुसती भातशेती होती. तिथून मी पेंढ्याची एक जुडी मागून आणायचे. "गाय नाय, म्हैस नाय, पेंढा कशाला गो तुला?" असं तिथली म्हातारी विचारायची. तो पेंढा पाण्यात उकळायचा, गार करायचा, त्यात ठाकुर्लीच्या डबक्यातलं भांडंभर पाणी ओतायचं आणि वाट बघत बसायचं. आठ-दहा दिवसांत पाणी जिवंत व्हायचं.

त्यातले माझे जीव म्हणजे पॅरामेशियम. एकच पेशी, चपलेच्या तळव्याच्या आकाराची, अंगभर बारीक लव. ती लव वल्ह्यांसारखी मारत ती पाण्यात फिरते. आई त्यांना माझी लेकरं म्हणायची. सकाळी चहा देताना विचारायची, "लेकरं उठली का तुझी?"

ही लेकरं कशी फिरतात, हाच माझा विषय. डोळे नाहीत, नाक नाही, तरी पाण्यात एखादं रसायन, माझ्या प्रयोगात व्हिनेगर, पडलं की त्यांच्या चालीत फरक पडतो. सर सांगायचे, "ती रसायनाकडे निघाली, असं लगेच लिहू नका. आधी चाल बघा." मग ते स्टेशनबाहेरच्या भज्यांच्या गाडीचं उदाहरण द्यायचे. लोक आपापल्या वाटेने भराभर चाललेले असतात. गाडीपाशी वास आला की पाय जरा मंदावतात. भजी खायची असं कुणी घरून ठरवून आलेलं नसतं, तरी लांबून बघणाऱ्याला गर्दी तिथेच दिसते. पेशीचंही पुष्कळदा असंच असतं. कुठे जायचं ते तिला कळत नाही. तिचा फक्त वेग बदलतो, नाहीतर ती जास्त वेळा वळायला लागते. दिशा कुठलीच नसते.

मला हे फार आवडलं होतं. एवढासा जीव, त्याला काही ठाऊक नाही, आणि तरी पाणी बदललं की त्याला कळतं. मी विशीतली मुलगी होते, मला वाटायचं मलाही असंच सगळं कळतं.

मायक्रोस्कोप बाबांच्या शाळेचा. बाबा कल्याणला शाळेत शास्त्र शिकवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत हेडमास्तरांच्या परवानगीने तो घरी आला होता, आणि शाळा सुरू झाल्यावरही त्यांनी आणखी थोडे दिवस राहू दिला होता. कॉलेजातल्या कपाटात सगळीकडे औषधांचे वास, तिथे माझी पेशी जगायचीच नाही. म्हणून बरण्या घरी, काम घरी. डावा डोळा मायक्रोस्कोपला लावायचा, उजवा उघडा ठेवून बाजूच्या कागदावर बघायचं, आणि डाव्या डोळ्याला पेशी जशी जाताना दिसेल तशी उजव्या डोळ्यादेखत पेन्सिल फिरवायची. पहिला महिनाभर डोकं नुसतं गरगरायचं. मग जमलं, आणि असं जमलं की कागदावरच्या रेघा बघून मी सांगू शकायचे की ही साध्या पाण्यातली पेशी आणि ही व्हिनेगरच्या फिक्या थेंबातली. साध्या पाण्यातली रेघ सैल, लांब, मधूनच एक वळण घेणारी. काकूंना मात्र खात्री होती की मुलगी तिरळी होणार. "तिरळीला कोण करणार गं?" असं त्या माझ्या देखत आईला विचारायच्या.

करणारं एक स्थळ ठाण्याहून आलंच होतं. मुलगा नोकरीत कायम झालेला, घरचे लोक सभ्य. बाबा काही जुलमी नव्हते. त्यांनी मला समोर बसवून सरळ सांगितलं, "तुझ्या सरांच्या प्रयोगशाळेत ती संशोधनाची पगारी जागा निघणार आहे ना? त्यांनी तुझ्या नावाची शिफारस केली तर मी ठाणेकरांना नाही कळवतो. नाही केली, तर मग आणखी कशाची वाट बघायची?"

जागा एकच होती आणि आम्ही दोघं होतो, मी आणि सरांचा दुसरा विद्यार्थी. सरांनी दोघांनाही जून संपायच्या आत कामाचे कागद आणायला सांगितलं होतं. माझं बरंचसं काम झालं होतं. राहिली होती ती शेवटची फेरी, साध्या पाण्यातल्या आणि व्हिनेगरमधल्या रेघा एकाच आठवड्यात काढायची, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता आल्या असत्या. एवढं झालं की पुढची काही वर्षं माझी होती.

घरात हे बोलणं चालायचं तेव्हा आई त्यात पडायची नाही. ताटात तांदूळ घेऊन निवडत बसायची. मी त्या गप्प बसण्याचा एकच अर्थ लावला. तिला ठाणं हवं होतं. आईला दुसरं काय हवं असणार?

त्याच सुमाराला सूर्यग्रहण आलं. मी दोन दिवस मुंबईत मामाकडे होते, कॉलेजच्या लायब्ररीत काम होतं. ग्रहण सकाळचं होतं, पण आभाळ भरलेलं, त्यामुळे मुंबईत कुणाला काही दिसलं नाही. मामी उपाशी, मामा उपाशी, आणि सूर्य ढगाआड. मी मात्र गुपचूप बाहेर जाऊन चहा प्यायले आणि बटाटेवडा खाल्ला, त्याचा आनंद दिवसभर पुरला. संध्याकाळी घरी परत आले. घर धुऊन पुसून लख्ख, आईचे केस अजून ओले. बरण्या होत्या तिथेच होत्या. झाकणाची फडकी जशीच्या तशी बांधलेली. मी वरून नुसती नजर टाकली आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. माझी लेकरं पिसाटली होती.

साध्या पाण्यातली, बरं का. व्हिनेगरची बाटली मी उघडलीही नव्हती. एरवी संथपणे गोल फिरत जाणारी पेशी आता सुसाट सुटायची, अडखळायची, मागे यायची, वळायची, पुन्हा सुटायची. माझी पेन्सिल तिच्या मागे धावेना. कागदावर रेघांचा नुसता गुंता झाला. मला वाटलं काच नीट धुतली गेली नाही. काच उकळून घेतली. मग वाटलं ड्रॉपर खराब झाला. तो बदलला. दुसऱ्या बरणीतलं पाणी घेतलं, तिसऱ्या, चौथ्या. चारही बरण्यांत तेच. खिडकीतलं ऊन लागलं म्हणावं, तर पावसाळी हवेत ऊन होतंच कुठे? शेवटी मला माझ्याच डोळ्यांचा संशय यायला लागला.

आईने विचारलं, "काय गं, चेहरा का उतरलाय?" मी म्हटलं, "बरण्यांत काहीतरी बिघडलंय." ती लगबगीने आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "मेली का?" मी म्हटलं, "मेली नाहीत, उलट जास्तच पळतायत." "मग बरंच आहे की," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. आमचं त्या विषयावरचं बोलणं तेवढंच.

नवीन पाणी तयार करायचं तर आठ-दहा दिवस हवेत आणि हातात तेवढे नव्हते. मी तसंच काम चालू ठेवलं. आणि दुर्दैव असं की रोज चाल बदलत गेली. पहिले दोन दिवस पिसाट, मग जरा कमी, मग आणखी कमी. आठवड्याच्या शेवटी तर पेशी पुन्हा पहिल्यासारख्या शहाण्या होऊन फिरायला लागल्या, जसं काही झालंच नव्हतं. मी प्रामाणिकपणे सगळे कागद सरांपुढे ठेवले. लपवायचं डोक्यातही आलं नाही.

सर वाईट नव्हते. त्यांनी बराच वेळ कागद उलटसुलट करून बघितले. मग चष्मा काढून म्हणाले, "हे साधं पाणी ना? मग सोमवारी एक चाल, गुरुवारी दुसरी आणि शनिवारी तिसरी? ज्याचं साधं पाणीच एका चालीवर नाही, त्याने व्हिनेगरबद्दल काय सांगायचं?" मी म्हटलं, "सर, मला दिसलं तेच काढलंय." ते म्हणाले, "तोच तर प्रश्न आहे. तुमच्या नजरेवर भरवसा कसा ठेवायचा?"

ते वाक्य आजही मला जसंच्या तसं ऐकू येतं. रागाने बोलले असते तर मी भांडले तरी असते. ते हळहळून बोलले. शिफारस दुसऱ्याची झाली.

मी घरी आले, चारही बरण्या उचलल्या आणि मागच्या अंगणात केळीच्या बुंध्याशी ओतल्या. आई दारात उभी होती. रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, "ठाण्याला होकार कळवा." बाबांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि ताकाचं भांडं पुढे ओढलं. मार्गशीर्षात माझं लग्न झालं.

नवरा चांगला मिळाला. सासरची माणसंही चांगली होती. मग रड कसली, असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार? संध्याकाळी आम्ही तलावपाळीवर फिरायला जायचो. तिथे दाण्यांची पुडी हातात धरून मी पाण्याकडे बघत बसायचे आणि मला वाटायचं, यात आत्ता किती फिरत असतील. एकदा मी ह्यांना ते सांगितलंही. ते म्हणाले, "अरे वा," आणि पुडीतले दाणे माझ्या हातावर ओतले. त्यांचा काही दोष नाही. पण मला तेव्हा एवढं रडू आलं की डोळ्यांत कचरा गेला म्हणून सांगावं लागलं. मला त्या कामाची हौस होती. भूक लागते तशी हौस. आणि मला ते येतच नव्हतं, माझी नजरच खोटी होती, असं मानून मी जगत होते. त्यापेक्षा कुणी काम करू दिलं नाही म्हणून रडणं सोपं गेलं असतं.

तीन वर्षांनी मी बाळंतपणासाठी माहेरी आले. सातवा महिना होता. आल्यावर चार दिवसांत पुन्हा सूर्यग्रहण. पोटुशी बाई आणि ग्रहण, म्हणजे विचारायलाच नको. चिरायचं नाही, शिवायचं नाही, हलायचं नाही. आईने मला आदल्या रात्रीच बजावलं. मी बी. एस्सी., मामाकडे ग्रहणात वडा खाल्लेली, सकाळी उठून निमूटपणे पाटावर बसले. पोटात मूल असलं की वाद घालायची खुमखुमी जाते.

बसल्या बसल्या मी आईकडे बघत होते. वेध लागायच्या आधीच तिने तुळशीची पानं खुडून वाटीत ठेवली होती आणि घरातल्या प्रत्येक साठवणीत एकेक घातलं होतं. पाण्याची कळशी, पिंप, दूध, तूप, मुरांबा. पान घातलं की ग्रहणात ते विटाळत नाही, नाहीतर सगळं पाणी ओतून द्यावं लागतं. आमच्याकडे हे इतकं नेहमीचं की त्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही. ग्रहण सुटल्यावर आंघोळ करून ती एकेक पान काढायला लागली, आणि मुरांब्याच्या बरणीतलं पान काढताना सहज म्हणाली, "तुझ्या त्या बरण्यांतही घातली होती हो मी. तू मामाकडे होतीस. नाहीतर तुझं एवढ्या मेहनतीचं पाणी ओतावं लागलं असतं."

मी पाटावरून उठले. "कधी काढलीस?"

"आत्ता काढते तशीच. आंघोळ झाल्यावर. फडकी पुन्हा बांधून ठेवली नीट."

"मला बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं?" ती खरंच नवलाने म्हणाली. "कळशीत घातलं ते तरी कुठे सांगितलं तुला?"

बाबांच्या शाळेची सुट्टी लागली होती आणि मायक्रोस्कोप पुन्हा आमच्याच कपाटात होता. मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन मानपाड्याला जाणं शक्य नव्हतं, म्हणून बाबांना पेंढा आणायला लावलं, ठाकुर्लीचं पाणी आणायला लावलं. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. "डोहाळे लागलेत," असं आईने काकूंना सांगितलं. "कोणाला चिंचेचे लागतात, आमच्या हिला पेंढ्याचे."

पाणी जिवंत झालं तेव्हा मी एका वाटीत थोडं काढून त्यात तुळशीचं एक पान टाकलं. रात्रभर ठेवलं. सकाळी बघितलं तर काही नाही. पेशी आपल्या सैल चालीने फिरत होत्या. खरं सांगते, मला हायसं वाटलं. आईचा हात नव्हता त्यात. माझी नजरच खोटी, ते मी कधीच पचवलं होतं.

आईला म्हटलं, "एका पानाने काही होत नाही त्यांना."

"एक कुठलं?" आई म्हणाली. "एक कळशीला. तुझ्या बरण्यांत मूठ मूठ घातली होती."

मी मूठभर घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी डावा डोळा लावला. सुसाट सुटत होत्या, अडखळत होत्या, वळत होत्या, पुन्हा सुटत होत्या. त्याच. माझ्या उजव्या डोळ्यासमोर कागद नव्हता, नुसती टेबलाची फळी होती, तरी बोटं आपोआप हलायला लागली. मी बरोबर बघितलं होतं. एकही रेघ चुकली नव्हती. तुळशीतलं काहीतरी पाण्यात उतरलं होतं आणि त्याने पेशीची चाल बदलली होती, दिशा न देता. मी जे शोधायला बसले होते तेच माझ्यापुढे आठवडाभर नाचत होतं, रोज थोडं ओसरत. नुसतं तेवढंच लिहून काढलं असतं तरी सर खुर्चीतून उठले असते. आणि मी ते केळीला घातलं.

आई हात पुसत मागे येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती कधी त्या नळीला डोळा लावायला आली नव्हती, आणि मीही कधी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, "बघायचंय?"

तिने चष्मा काढला, पदर सावरला आणि वाकली. सुरुवातीला तिला तिच्या पापण्याच दिसत होत्या. मी स्क्रू फिरवून दिला.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली. "किती धावतायत गं. कुठे निघाली एवढी?"

"कुठेच नाही. पाण्यात काही बदललं की अशी धावतात."

"जिवंत आहेत म्हणजे." तिचा आवाज एकदम खुलला. "म्हणजे तेव्हाही शेवटपर्यंत जगलीच होती की. मला वाटलं नंतर मेली असतील, म्हणून ओतलीस. मग का ओतलीस गं?"

तिला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण ती डोळा न काढता हसत होती, लहान मुलासारखी, आणि माझ्या पोटात बाळ फिरत होतं. मी म्हटलं, "लग्न ठरलं ना, म्हणून."

आई तशीच वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "मी ह्यांना रोज म्हणत होते, ठाणेकरांना नाही म्हणून कळवा. तिला शिकू दे. एकदा तर दोन दिवस बोलले नाही मी ह्यांच्याशी. शेवटी तूच म्हणालीस होकार द्या म्हणून, मग मी काय बोलणार?"

मी खुर्चीचा हात धरला.

"म्हणून तर घातली मूठ मूठ," ती म्हणाली. "म्हटलं, घरचं पाणी विटाळलं तर दुसरं भरता येईल. हे काही झालं तरी टिकायला हवं."